कमरेत नस दबली, पण कुठली?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि आमचे एक जवळचे नातेवाईक बाथरूममध्ये नळ सोडून उभे होते. नळाच्या आवाजानं लघवी होते, हा लहानपणी आईनं शिकवलेला उपाय. दोन महिने त्यांच्या डाव्या पायात चमक होती. तीन दिवसांपासून ती दोन्ही पायांत उतरली होती. त्या दिवशी दुपारपासून लघवी नव्हती, पोट टम्म झालेलं, आणि तरी 'लागली आहे' असं त्यांना वाटतच नव्हतं. घरात चर्चा झाली ती नेहमीची: पाणी कमी प्यायले, गोळ्यांची उष्णता झाली, प्रोस्टेट असेल. कंबर आणि लघवी यांचा काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. कमरेचे डॉक्टर वेगळे, लघवीचे वेगळे, हे आपल्याला इतकं पाठ झालंय.

मध्यरात्री दवाखान्यात नेलं. निवासी डॉक्टर पोरगेलीशी होती, डोळ्यांत झोप. आम्ही एमआरआयचं मोठं पाकीट पुढे केलं. तिनं ते टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "काका, संडासला गेल्यावर धुताना हाताचा स्पर्श कळतो का?" आम्ही सगळे भिंतीकडे पाहायला लागलो. काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "हाताला कळतं. तिकडे नाही कळत." ती पाकीट न उघडताच फोनकडे गेली.

त्या एका उत्तरात तिला असं काय कळलं, हे समजून घ्यायचं तर आधी कमरेच्या आत नेमकं काय आहे ते बघावं लागेल. 'नस दबली' हे आपलं एकच वाक्य किमान चार-पाच वेगळ्या दुखण्यांना लावलं जातं. त्यातली काही सहा आठवड्यांत आपोआप बरी होतात, आणि एखाद्यात सकाळपर्यंत थांबणंही महागात पडतं.

## हिराचा खराटा

मज्जारज्जू म्हणजे मेंदूपासून निघालेला, साधारण करंगळीच्या जाडीचा मऊ दोर. तो कण्याच्या पोकळीतून खाली येतो. आपली समजूत अशी की तो थेट माकडहाडापर्यंत जात असणार. तसं नाही. कणा साधारण ७० सेंटिमीटर लांब, मज्जारज्जू मात्र ४५ सेंटिमीटरच्या आसपास. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी, म्हणजे बेंबीच्या पातळीच्याही वर, निमुळता होऊन संपतो. त्याच्या खालच्या पोकळीत असतात सुटे धागे. हे धागे म्हणजे पाय, बैठक, मूत्राशय आणि गुदद्वार यांच्याकडे जाणाऱ्या नसांची मुळं.

हिराचा खराटा डोळ्यांसमोर आणा. वर सुतळीनं आवळून बांधलेली मूठ, खाली मोकळे हीर. मूठ जिथे संपते त्या टोकाला डॉक्टर 'कोनस' म्हणतात. मोकळ्या हिरांच्या झुपक्याला म्हणतात 'कॉडा इक्वायना', लॅटिनमध्ये घोड्याचं शेपूट. आपल्याकडे खराटा जास्त ओळखीचा, तेव्हा पुढे मी मूठ आणि हीर असंच म्हणेन.

शरीराची अशी विचित्र रचना का? तीन महिन्यांच्या गर्भात मज्जारज्जू कण्याच्या तळापर्यंत पोचलेला असतो. मग हाडं भराभर वाढतात, दोर मागे पडतो. जन्मलेल्या बाळात त्याचं टोक कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी असतं, पुढे आणखी वर जातं. नसा मात्र आपापल्या ठरलेल्या दारातूनच बाहेर पडतात. घर दूर गेलं पण दुकान जुन्याच गल्लीत राहिलं, तसं त्यांना रोज लांबचा पल्ला मारावा लागतो. म्हणून हे लांब हीर.

याचा परिणाम असा की हाडाचा पत्ता आणि नसेचा पत्ता जुळत नाही. कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आत जो मज्जारज्जूचा भाग बसलाय, तो कमरेचा नाही. तो बैठकीचा, लघवीचा, संडासचा आहे. मोडतं एक हाड, बंद पडतं भलतंच काही.

ओघात एक जुना संशयही मिटवून टाकू. 'सिझरच्या वेळी कमरेत सुई दिली, तेव्हापासून कंबर धरली', असं सांगणारी बाई प्रत्येक घरात आहे. ती सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या फटीतून देतात, म्हणजे मूठ संपून दोन मणके खाली. तिथे फक्त पाण्यात तरंगणारे हीर असतात आणि सुई आली की ते सहसा बाजूला सरकतात. टोचल्या जागी काही दिवस दुखू शकतं, पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीशी त्या सुईचा संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. बाळाला वाकून पाजणं आणि उचलणं यांकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही.

## एकच हीर दबला तर

सगळ्यात जास्त आढळतं ते हेच, आणि तुलनेनं निरुपद्रवीही. दोन मणक्यांच्या मध्ये जी चकती असते तिला आपण गादी म्हणतो. बाहेरून चिवट, आतून जेलीसारखी. चिवट भाग फाटून आतला गर बाहेर आला आणि शेजारच्या मुळावर टेकला की पायात कळ जाते. तिलाच आपण सायटिका म्हणतो. गादी आणि पायातली कळ यांचा हा संबंध अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली ठामपणे मांडला. त्याआधी सायटिका म्हणजे संधिवाताचा, थंडीचा किंवा नसेच्या सुजेचा प्रकार समजला जाई.

कमरेतल्या बाहेर आलेल्या गाद्यांपैकी सुमारे ९५ टक्के खालच्या दोन फटींतल्या असतात. म्हणून त्रास देणारे हीरही मुख्यतः दोनच, डॉक्टरांच्या भाषेत एल-५ आणि एस-१. कुठला दबलाय हे पाय स्वतःच सांगतो. एल-५ असेल तर कळ पोटरीच्या बाहेरच्या अंगानं पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्याकडे येते. अंगठा वर उचलताना जोर लागत नाही, टाचांवर चालता येत नाही. एस-१ असेल तर कळ मागच्या बाजूनं टाचेपर्यंत आणि करंगळीच्या कडेला जाते, एका पायाच्या चवड्यावर उभं राहिलं की टाच खाली येते आणि घोट्यामागे हातोडी मारली तरी पाऊल हलत नाही.

आडवं झोपवून सरळ पाय वर उचलायची ती प्रसिद्ध तपासणी बहुतेकांनी अनुभवली असेल. तिला नाव फ्रेंच डॉक्टर लासेग यांचं आहे. पण १८८० साली ती लिहून प्रसिद्ध केली लाझा लाझारेविच या सर्बियन डॉक्टरनं. लासेगच्या विद्यार्थ्याचा प्रबंध त्यानंतर वर्षानं आला. लाझारेविच सर्बियात आजही कथालेखक म्हणूनच जास्त ओळखला जातो. पाय ३० ते ७० अंशांच्या दरम्यान उचलताना गुडघ्याखाली कळ गेली तर मूळ ताणलं जातंय असं समजायचं. नुसती मांडी मागून ताणली गेली तर तो व्यायामाचा अभाव.

आपल्याकडचे जुने डॉक्टर आणखी एक प्रश्न विचारतात, तो मला फार आवडतो. चप्पल पायातून निसटते का? आणि निसटली की कळतं का? निसटलेली कळली तर पायाचा जोर कमी झालाय. चार पावलं पुढे गेल्यावर मागचा माणूस हाक मारतो तेव्हा कळत असेल तर पायाची जाणीवही गेलीय. बूट घालणाऱ्या देशांत हा प्रश्न निरुपयोगी.

एक हीर दबण्याचं लक्षण म्हणजे त्रास एका बाजूला, एका पट्ट्यात, आणि लघवी-संडास व्यवस्थित. असे बहुतेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत बिनाऑपरेशन सुधारतात. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू खाऊन टाकतं. गंमत म्हणजे मोठा, तुटून सुटलेला तुकडा लहान फुगवट्यापेक्षा लवकर विरघळतो.

## सगळा झुपकाच चेपला तर

गादीच्या मागे मधोमध एक मजबूत पट्टा उभा असतो. त्यामुळे गर सहसा कडेनं सटकतो, एकाच बाजूच्या हिराला लागतो. पण कधी कधी मोठा गोळा बरोबर मध्ये येतो. वरच्या मुळांनी तोवर कडेची दारं गाठलेली असतात. मध्ये उरलेले हीर कुणाचे? बैठक, मूत्राशय, गुदद्वार आणि लैंगिक अवयवांचे. नेमके तेच चेपतात.

मग काय दिसतं? दोन्ही पायांत कळ, किंवा आज या पायात उद्या त्या पायात. बैठकीचा जो भाग सायकलच्या सीटला टेकतो तेवढ्या भागाला बधिरपणा. संडासच्या जागेची आवळण्याची ताकद कमी. संभोगाच्या वेळी जाणीव नसणं. आणि लघवीची बदललेली तऱ्हा: धार कळत नाही, जोर करावा लागतो, सुरू व्हायला वेळ लागतो, मग पूर्ण तुंबते. मूत्राशय भरल्याचा निरोपच वर पोचत नाही, त्यामुळे ही तुंबलेली लघवी दुखतही नाही. प्रोस्टेटमुळे अचानक तुंबलेली लघवी माणसाला गडाबडा लोळवते. इथे काका नळ सोडून शांतपणे उभे होते.

यात एक फसवी गोष्ट आहे. काही काळानं कपडे ओले होऊ लागतात आणि घरचे म्हणतात, चला, लघवी होतेय. गच्चीवरची टाकी भरून वाहिली म्हणून कुणी 'पाणी आलं, छान' म्हणत नाही, कारण बंद न होणारा नळ दिसत असतो. इथे तसंच आहे. ते गळणं म्हणजे ओसंडणं आहे.

तालुक्याच्या गावी एमआरआय नसेल, पण सोनोग्राफी असते. लघवी करायला सांगून लगेच मूत्राशयात किती उरली ते मोजायचं. २०० मिलिलिटरपेक्षा जास्त उरली तर संशय बळावतो. त्याहून बरीच कमी असेल तर हा विकार असण्याची शक्यता खूप घटते. काकांच्या पोटात ७०० निघाली. दोन मिनिटांची तपासणी आहे, आणि ती दुपारीही करता आली असती.

## आणि मूठच चेपली तर

आता बेंबीच्या वर चला. छातीचे मणके बरगड्यांमुळे ताठ, कमरेचे मणके लवचिक, आणि दोघांच्या सांध्यावर सगळा झटका येऊन पडतो. उंचावरून बैठकीवर किंवा टाचांवर आपटलेल्या माणसाचा बाराव्या छातीच्या किंवा पहिल्या कमरेच्या मणक्याचा चुरा होतो तो यामुळे. कोकणात नारळ-सुपारीवरून पडलेला पाडेली असो, आंब्याच्या फांदीवरून घसरलेला गडी असो किंवा पुण्या-मुंबईत बांधकामाच्या परांचीवरून पडलेला मजूर, हाड बहुधा याच पट्ट्यात मोडतं. आणि त्या हाडाच्या आत असते खराट्याची मूठ.

मुठीवर घाव बसला की सगळ्या हिरांना एकदम फटका बसतो, दोन्ही बाजूंना सारखाच. म्हणून कोनसच्या इजेत बधिरपणा सममित असतो, सुरुवात अचानक असते, लघवी-संडास पहिल्याच दिवशी जातात. झुपक्यात मात्र काही हीर जास्त चेपतात काही कमी, म्हणून तिथे डावं-उजवं सारखं नसतं, आणि त्रास बऱ्याचदा दिवसादिवसानं चढतो. झुपक्यातली कळ पायात जाते आणि भयंकर असते. मुठीच्या इजेत पायातली कळ कमी. दुखतं ते मोडलेलं हाड, पाठीत. अगदी टोकच दुखावलं असेल तर माणूस दोन्ही पायांवर चालत येतो, ताकद जवळपास शाबूत, आणि लघवीवरचा ताबा मात्र पूर्ण गेलेला. हे पाहून नातेवाईकच काय, कधी कधी डॉक्टरही चकतात.

हातोडीनं गुडघ्याचा झटका पाहतात त्यातही हा फरक दिसतो. गुडघ्याच्या झटक्याचं केंद्र मुठीच्या टोकापेक्षा वर असतं, म्हणून कोनसच्या इजेत गुडघा उडतो पण घोटा उडत नाही. झुपका मोठ्या प्रमाणात चेपला असेल तर दोन्ही गप्प पडू शकतात.

त्याहून वर, मज्जारज्जूच्या मधल्या भागात इजा असेल तर झटके जातच नाहीत, वाढतात. हे उलटं वाटतं. शाळेचा वर्ग घ्या. मेंदू म्हणजे मास्तर. मास्तर वर्गाबाहेर गेले की गोंधळ वाढतो. मज्जारज्जूत वरून येणारी तार तुटली की पाय कडक होतात, झटके जोरात येतात, तळव्यावर किल्लीनं रेघ ओढली की अंगठा वर जातो. हे शेवटचं बाबिन्स्की या पॅरिसच्या डॉक्टरनं १८९६ साली दाखवून दिलं. उलट पोरंच वर्गात नसतील तर चिडीचूप. मुळं तुटली की पाय लुळा, झटका नाही, स्नायू वाळतात. कोनसपाशी थोडे मास्तर, थोडी पोरं असा दोन्हींचा मिलाफ असतो, म्हणून तिथे चिन्हंही सरमिसळ. एक अपवाद आहे. अपघातानंतर पहिले काही दिवस मज्जारज्जू सुन्न असतो आणि सगळंच गप्प असतं. तेव्हा घाईनं निष्कर्ष काढत नाहीत.

झाडावरून पडलेल्या माणसाला चौघांनी हातापायाला धरून उचलणं आणि रिक्षात बसवणं थांबायला हवं. फळी, दरवाजाचं पान, काहीही कडक घ्या. डोकं, पाठ, पाय एका रेषेत ठेवून त्याला ओंडक्यासारखं एकसंध वळवून त्यावर घ्या. मोडलेलं हाड मुठीत घुसतं ते कधी कधी पडताना नव्हे, उचलताना.

## थोडं चाललं की बसावं लागतं, ते वेगळं

साठीनंतर कण्याची पोकळीच अरुंद होते. हीर चेपत नाहीत, दाटीवाटीनं उभे राहतात. बसल्यावर ठीक, पाचशे पावलं चाललं की दोन्ही पाय जड, मुंग्या, मग कट्ट्यावर टेकायचं, पाच मिनिटांत पुन्हा ताजेतवाने. डच न्यूरोसर्जन हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली याचं नीट वर्णन केलं. गोम अशी की पुढे वाकलं की पोकळी थोडी रुंदावते. म्हणून हे आजोबा सायकल मैलोन्‌मैल चालवतात, भाजीची हातगाडी ढकलतात, वारीत दिवे घाट चढतानाही त्यांना तेवढा त्रास होत नाही, कारण चढावर माणूस वाकतो. उतारावर मागे रेलावं लागतं, तिथे पाय भरून येतात.

पायाच्या रक्तवाहिन्या आखडल्या असतील तर उलट होतं. चढ जास्त छळतो, सायकलही छळते, आणि आराम पडायला बसावं लागत नाही, नुसतं उभं राहिलं तरी पुरतं. तंबाखू-विडी आणि मधुमेह असलेल्या माणसात हे आधी तपासायला हवं. पावलावरची नाडी लागते का ते बोटानं बघता येतं.

## कमरेत नसतंच कधी कधी

पाऊल खाली पडलं, चालताना अंगठा ठेचकाळतो, म्हणून कमरेचा एमआरआय काढला जातो. पण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीखाली एक नस अगदी कातडीलगत वळसा घालते. तासन्‌तास उकिडवं बसून खुरपणी करणाऱ्या बाया, मांडीवर मांडी टाकून बसणारे, आजारानं झटकन वजन उतरलेले, घट्ट प्लास्टर घातलेले, यांच्यात ती तिथेच दबते. फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. पाऊल वर उचलता येत नाही हे दोन्हीकडे सारखं. पण तळवा आतल्या बाजूला, दुसऱ्या पायाकडे वळवायला सांगा. जोर शाबूत असेल तर दोष गुडघ्यापाशी. तोही गेला असेल तर कमरेतल्या एल-५ कडे संशय जातो. पहिल्या प्रकारात बसायची सवय बदलून महिनोन्‌महिन्यांचं दुखणं जातं. गादीचं ऑपरेशन करून जात नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, किरकटवाडी आणि नांदेड गावाच्या आसपास, गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. आकडा दोनशेच्या पुढे गेला. तेव्हा पायात मुंग्या आल्या की सगळ्या शहराला धडकी भरत होती. जीबीएसमध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती नसांवर आणि त्यांच्या मुळांवर उलटते, बऱ्याचदा जुलाबानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी. कंबरही दुखू शकते, त्यामुळे घोटाळा होतो. पण तिथे दोन्ही पायांची ताकद सारखीच जाते, अशक्तपणा दिवसादिवसानं वर चढतो, हातांपर्यंत, चेहऱ्यापर्यंत, श्वासापर्यंत. सगळे झटके गायब होतात, आणि लघवी सुरुवातीला सहसा शाबूत राहते. पाय लुळे आणि बैठकीची जाणीव पहिल्यापासून गेलेली, असं चित्र असेल तर नजर कण्याकडे वळवावी.

मधुमेहातला बधिरपणा यांपैकी कशासारखाच नसतो. तो दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखा वर येतो, वर्षांच्या गतीनं.

## 'एमआरआय काढला की सगळं कळतंच की!'

एमआरआय कुठे काय आहे ते दाखवतो. त्यातलं काय दुखतंय ते दाखवत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३३ अभ्यासांतल्या ३,११० माणसांची छायाचित्रं एकत्र तपासली होती. यांच्यापैकी कुणाचीही कंबर दुखत नव्हती. तरी विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. म्हणजे 'एल-फोर एल-फाइव्ह डिस्क बल्ज' हे रिपोर्टातलं वाक्य पन्नाशीतल्या माणसासाठी बरंचसं केस पिकल्यासारखं आहे. ते फॅमिली ग्रुपवर टाकून 'ऑपरेशन करावं का' असं विचारण्यात अर्थ नाही.

उलट चूकही होते. पाय कडक, झटके जोरात, आणि एमआरआय फक्त कमरेचा. तो स्वच्छ येतो, सगळे निर्धास्त होतात, आणि क्षयरोगानं पोखरलेला छातीचा मणका तसाच राहतो. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून गेलेला नाही. कडक पायांनी सांगितलं होतं वर बघा. मशीन खालीच फिरवलं.

## 'मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस झोपतो'

ही भीती खोट्यातून आलेली नाही. प्रत्येकानं असा एखादा माणूस पाहिलेला असतो. पण खालच्या दोन गाद्यांच्या ऑपरेशनच्या जागी मज्जारज्जू नसतोच, मूठ बरीच वर संपलेली असते. एखाद्या हिराला इजा होऊ शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, गादी पुन्हा सरकू शकते. हे धोके खरे आहेत. दोन्ही पाय कायमचे जाणं दुर्मीळ. आणि 'ऑपरेशन करूनही उठला नाही' अशा गोष्टींतला माणूस ऑपरेशनला किती दिवसांनी पोचला, हे कुणी सांगत नाही.

कारण झुपका चेपल्यावर वेळेला किंमत असते. २००० साली ४२ अभ्यासांतले ३२२ रुग्ण एकत्र करून पाहिलं, तेव्हा ४८ तासांच्या आत दाब काढलेल्यांची लघवी, संडास आणि जाणीव जास्त चांगली परतलेली दिसली. हा आकडा मुदत म्हणून वापरू नये. सत्तेचाळिसाव्या तासापर्यंत थांबायची मुभा असा त्याचा अर्थ नाही. लघवी पूर्ण तुंबायच्या आधी, नुसती धार बदललेली असताना जो पोचतो, त्याचा निकाल सगळ्यात चांगला.

मग मालिश, कंबर बसवणं, शेक? साध्या कंबरदुखीत शेकानं बरं वाटत असेल तर शेका. बैठक बधिर असताना पाठीवर गुडघा देणाऱ्याकडे जाऊ नका, एवढंच.

## 'इतकं दुर्मीळ असेल तर घाबरवता कशाला?'

दुर्मीळ आहे हे खरं. कमरेच्या गादीची जितकी ऑपरेशनं होतात त्यांतली दोनेक टक्केच झुपका चेपल्यामुळे करावी लागतात. कंबर दुखणाऱ्या हजारोंपैकी बहुतेकांना यातलं काही होणार नाही. पण हे ओळखायला मशीन लागत नाही, विचारावं लागतं. आणि आपल्या घरांत ते विचारलं जात नाही. सून सासऱ्यांना विचारणार नाही, मुलगा आईला विचारणार नाही. नवराबायकोही 'लघवी होते ना?' यापुढे जात नाहीत, आणि त्याला उत्तर 'होते थोडी' असं येतं. डॉक्टरसुद्धा गर्दीच्या ओपीडीत पडदा नाही म्हणून टाळतात. काकांना त्या दुपारी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाहिलं होतं, पाय उचलून बघितला होता, गोळी वाढवली होती. बैठकीबद्दल विचारलं नव्हतं; काकांनी सांगितलंही नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

त्यांचं ऑपरेशन पहाटे झालं. पायातली कळ दुसऱ्या दिवशी गेली. लघवीची नळी पाच आठवडे राहिली, मग दिवसातून चार वेळा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिकावं लागलं. आता सातव्या महिन्यात ती बहुतेक दिवशी लागत नाही. हीर मज्जारज्जूपेक्षा दुरुस्तीला बरे, पण नसेची वाढ दिवसाला मिलिमीटरभर असते, आणि मूत्राशयाची सुधारणा दीड-दोन वर्षंही चालू राहते असं डॉक्टर म्हणतात. डाव्या पायाची चप्पल अजून निसटते. परवा मंडईत निसटली, तेव्हा ते स्वतःच थांबले आणि मागे वळले.